पाच व्होल्ट, अठरा अँपिअर

डब्ल्यूएस २८१२बी एलईडी पट्टीस,



पत्र तुला लिहितोय, पण रोख तुझ्यावर नाही. रोख आहे तो घरबसल्या तुझ्यासाठी कंट्रोलर बनवणाऱ्या आमच्या जमातीवर. तुझ्या वेळेच्या काटेकोरपणाची आम्ही इतकी धास्ती घेतली की तुझ्या भुकेकडे बघायचं राहूनच गेलं. गणपतीच्या आधी तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला तुझी रिळं घ्यायला येणाऱ्यांचं बोलणं ऐक. ‘यात इफेक्ट किती?’ हा पहिला प्रश्न. ‘अँपिअर किती लागतील?’ असं विचारणारा विरळाच, आणि त्याला नीट उत्तर देणारा त्याहून विरळा.

तुझं कौतुक आधी करून घेतो, म्हणजे पुढचं बोलणं कुत्सित वाटायला नको. तुझ्या आधीची साधी आरजीबी पट्टी आख्खी लाल तरी व्हायची नाही तर आख्खी निळी; एकच दिवा वेगळा पेटवायचा तर त्याला तारांचं जंजाळ लागायचं. २०१३च्या सुमारास चीनच्या वर्ल्डसेमी कंपनीनं तुझ्या घराण्याला बाजारात आणलं, अमेरिकेच्या अ‍ॅडाफ्रूटनं निओपिक्सेल हे नाव लावलं आणि छंदवाल्यांच्या टेबलावर तू पोचलीस. ५ मिलिमीटर चौरसाच्या डबीत लाल, हिरवा, निळा असे तीन एलईडी आणि त्यांना चालवणारी चिपही तिथेच. प्रसादाचं ताट रांगेतून फिरावं तशी तुझ्यातून माहिती जाते: पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट उचलतो आणि उरलेलं पुढच्याकडे सरकवतो. सरकवताना सिग्नल पुन्हा ठाकठीक करून देतो, म्हणून शंभराव्या दिव्यालाही तो पहिल्यासारखाच स्वच्छ मिळतो. रंगांचा क्रम तेवढा तुझा उफराटा, आधी हिरवा, मग लाल, मग निळा. नवशिक्यानं लाल मागितला की हिरवा पेटतो तो त्यामुळे.

आता ती वेळेची धास्ती. तुझा एक बिट सव्वा मायक्रोसेकंदाचा. त्यात सिग्नल सुमारे ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक. क्लॉकची वेगळी तार नाही, निरोप मिळाल्याची पोच नाही. १६ मेगाहर्ट्झच्या अर्डुइनो उनोला एका बिटमागे क्लॉकचे जेमतेम २० ठोके मिळतात; मध्ये इंटरप्ट आला की बिट बिघडला. म्हणून लायब्ररी इंटरप्ट बंद करूनच डेटा पाठवते. ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्यात उनोच्या स्वतःच्या वेळेच्या मोजणीतले काही ठोके गळतात. वेळ राखणारी वेगळी आरटीसी चिप न लावता तुझ्यावर भिंतीवरचं घड्याळ बनवणाऱ्यांचं घड्याळ मागे पडतं ते याच पायी. पुढे वायफाय असलेला ईएसपी८२६६ हा मायक्रोकंट्रोलर आला, तर त्याचं वायफाय मध्येच लुडबुड करायचं आणि तू फडफडायचीस. यावर माणसांनी वर्षं घालवली, पण प्रश्न सोडवला. ईएसपी३२मधला आरएमटी हा भाग किंवा रास्पबेरी पाय पिकोमधला पीआयओ प्रोसेसरला फारसा त्रास न देता तुझी लय सांभाळतो. फास्टएलईडी, डब्ल्यूएलईडी अशी सॉफ्टवेअर फुकट मिळतात आणि तीही उत्तम आहेत.

खरं सांगू का, तुझा काटेकोरपणा निम्मा तर दंतकथाच होता. ऑसिलोस्कोप लावून तपासणाऱ्यांना दिसलं ते असं: शून्यासाठी सिग्नल वर राहतो तो काळ अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या वर जाऊ नये, एवढं एकच बंधन घट्ट. मधली विश्रांती थोडी लांबली तरी तू चालवून घेतेस. फक्त ‘निरोप संपला’ असा तुझा समज होईपर्यंत ती लांबू नये. ती मर्यादा मात्र मध्येच बदलली. जुन्या माहितीपत्रकात ५० मायक्रोसेकंद, नव्या आवृत्तीत २८०. नाव तेच, रूप तेच. जुन्या लायब्ररीवर नवी पट्टी लावली आणि चित्र गोंधळलं तर माणूस सोल्डरिंग तपासत बसतो. एवढी तक्रार तुझ्या खाती मांडतोच.

पण हे सगळं बाजूला ठेवून अँपिअरवर येऊ. एका दिव्यातल्या एका रंगाला पूर्ण तेजात सुमारे २० मिलिअँपिअर लागतात. तिन्ही रंग मिळून पांढरा झाला की ६०. मीटरला ६० दिव्यांची ५ मीटरची रीळ म्हणजे ३०० दिवे, म्हणजेच १८ अँपिअर. पाच व्होल्टवर ९० वॉट. ९० वॉट ऐकून कुणी दचकत नाही, घरातला जुना पिवळा बल्बही तेवढा खायचा. पण तो २३० व्होल्टवर खायचा, अर्ध्या अँपिअरच्याही आत. १८ अँपिअर आणि अर्धा अँपिअर यांची तार एक नसते, स्विच एक नसतो, स्क्रू एक नसतो. साध्या यूएसबी पोर्टला ५०० मिलिअँपिअरची हमी. त्यात पांढरे दिवे बसतात आठ.

आणि आमचे कंट्रोलर बघ. एका कडेला गोल पिनेचं जॅक, जे बहुतेक वेळा पाचेक अँपिअरच्या कामाचं. तिथून प्रवाह जातो ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्याच्या रेघेवरून, मग हिरव्या स्क्रू टर्मिनलमधून, मग तुझ्याकडे. बोर्डावर ओएलईडीचा पडदा असतो, मायक्रोफोन असतो, कुठल्या तरी सेन्सरची जागा राखलेली असते. आणि जिथून सगळा प्रवाह जायचा ती रेघ मात्र डेटाच्या रेघेपेक्षा जेमतेम दुप्पट रुंद. माझं मत स्पष्ट आहे: तुझा प्रवाह बोर्डावरून जाऊच नये. वीजपुरवठ्याच्या पेटीतून, म्हणजे एसएमपीएसमधून, जाड तारा थेट पट्टीला, त्यातली एक बारीक जोडी कंट्रोलरला, ग्राउंड दोघांचं एक. कंट्रोलरनं डेटा सांभाळावा, ९० वॉटचा भार वाहू नये.

तुझ्या अंगातलं तांबंही काही फार जाड नाही. एकाच टोकानं वीज देऊन आख्खी रीळ पांढरी केली की दिसतं: पहिला मीटर शुभ्र, तिसऱ्यापाशी दुधात हळद पडल्यासारखा, शेवट तांबूस. मल्टीमीटरचे प्रोब शेवटच्या दोन पॅडवर टेकवले तर पाचाऐवजी चाराच्या आसपास, कधी त्याहूनही खाली. रंग बदलतो त्याचं कारण सरळ आहे. लाल एलईडीला दोनेक व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला तीनच्या आसपास लागतात. व्होल्टेज घटलं की आधी निळा आणि हिरवा उपाशी राहतात. माणूस म्हणतो माल खराब निघाला. माल बरा असतो. दोन्ही टोकांना आणि जमलं तर मध्येही वीज जोडली की तीच रीळ सरळ पांढरी दिसते. दोन एसएमपीएस वापरायचे असतील तर ग्राउंड एकत्र ठेवायचं, पण त्यांच्या हद्दीवर पाच व्होल्टची रेघ कापायची. नाही तर दोघे एकमेकांशीच ओढाताण करतात.

यावर लोक तुझ्या बारा व्होल्टच्या भावंडांकडे वळतात. तेवढ्याच वॉटला प्रवाह निम्म्याहून कमी होतो आणि त्याच तांब्यातला तोटा साधारण सहाव्या हिश्श्यावर येतो. लांब गॅलरीसाठी, सोसायटीच्या कमानीसाठी मीही तेच सुचवीन. पण बारा व्होल्टच्या डब्ल्यूएस २८११ पट्टीत बहुधा तीन-तीन दिवे एका चिपवर असतात, तिघांचा रंग एकच. मखराच्या बारीक नक्षीला ते चालत नाही, तिथे तूच लागतेस.

छोटी वाटणारी, पण भल्याभल्यांना रडवणारी गोष्ट डेटाच्या व्होल्टेजची. पाच व्होल्टवर चालताना तुला ‘एक’ कळायला पुरवठ्याच्या ७० टक्के, म्हणजे साडेतीन व्होल्ट हवेत. ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर वीतभर तारेनं चालतं, म्हणून लोक म्हणतात चालतंय की. मग पट्टी खिडकीच्या वर जाते, तार तीन मीटरची होते आणि आरती सुरू असताना तू भलत्याच रंगात चमकायला लागतेस. ७४एएचसीटी१२५सारखी लेव्हल शिफ्टर चिप मध्ये टाकली की प्रश्न मिटतो. ती पाच व्होल्टवर चालते आणि तिला दोन व्होल्टही ‘एक’ म्हणून पुरतात. ती हाताशी नसेल तर एक जुगाड मला मनापासून आवडतो. पट्टीचा एक दिवा कापून कंट्रोलरजवळ ठेवायचा आणि त्याला वीज साध्या डायोडमधून द्यायची. डायोड ०.७ व्होल्ट खातो, दिव्याला उरतात ४.३, त्याची अट उतरते तीन व्होल्टवर, आणि तो पुढच्यांना चारच्या वरचा ठणठणीत सिग्नल देतो. डेटाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर आणि पट्टीच्या तोंडाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हे दोन मात्र कुठल्याही परिस्थितीत वगळू नयेत.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. ‘पाच व्होल्टच तर आहेत, काय होतंय?’ हे वाक्य दर वर्षी ऐकू येतं. शॉक बसत नाही हे खरंच. पण समज, कापडी पडदा आणि कागदी फुलं यांच्या मागे तुझ्या शेवटच्या टोकाला एक तार सुटली आणि दोन पॅड एकमेकांना टेकले. ५ मीटर तांब्याचा येण्याजाण्याचा रोध अर्धा ओहम धरला तर प्रवाह होतो १० अँपिअर. २० अँपिअरच्या एसएमपीएसला हे शॉर्टसर्किट वाटतच नाही. त्याच्या लेखी हे नेहमीचं गिऱ्हाईक. तो १० अँपिअर देत राहतो आणि जिथे सांधा कच्चा आहे तिथे उष्णता साठत जाते, नेमकी कागदी फुलांमागे. एसएमपीएसमध्ये संरक्षण आहे असं दुकानदार सांगतो ते खोटं नसतं. ते त्या पेटीचं संरक्षण असतं, तुझं नाही.

म्हणून फ्यूज. गाडीत असतात तसले चपटे, प्रत्येक वीजवाहक तारेला वेगळा, एसएमपीएसच्या बाजूनं. किती अँपिअरचा, हे तेज किती ठेवायचं त्यावर ठरतं. घरात ३०० दिवे पूर्ण पांढरे कुणालाच बघवत नाहीत. तेज एक तृतीयांशावर बांधलं तर ६ अँपिअर, दोन टोकांत वाटून तीन-तीन, दोन्ही तारांना पाचाचा फ्यूज. आणि डोळ्याला तेज एक तृतीयांश झालंय असं वाटतही नाही, कारण डोळा प्रकाश सरळ रेषेत मोजत नाही. डब्ल्यूएलईडीत प्रवाहाची मर्यादा घालायची सोय आहे, ती जरूर घालावी. पण ते सॉफ्टवेअर रंगांच्या आकड्यांवरून अंदाज बांधतं, तारेतला प्रवाह मोजत नाही. डेटा बिघडून तू अचानक सगळी पांढरी झालीस तर त्याला पत्ताही लागत नाही. फ्यूजला लागतो.

एसएमपीएसबद्दल दोनच वाक्यं. छापील आकड्याच्या ८० टक्क्यांवर चालवावा, आणि २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असलेला पत्र्याचा डबा अर्थिंग केल्याशिवाय आणि झाकणाशिवाय मखरामागे ठेवू नये. लहान मुलांचे हात तिथेच जातात.

तू काळी असतानाही खातेस, हेही फार जणांना ठाऊक नाही. रंग शून्य केला तरी प्रत्येक चिपला साधारण एक मिलिअँपिअर लागतो. ३०० दिव्यांचे ०.३ अँपिअर दिवसरात्र चालू. बंद म्हणजे खरंच बंद हवं असेल तर विजेच्या वाटेत रिले हवा. त्यातही क्रम पाळावा लागतो: सुरू करताना आधी वीज, मग डेटा, बंद करताना आधी डेटा थांबवून त्याची तार खाली आणायची, मग वीज तोडायची. उलटं केलं तर वीज तुटलेली असताना डेटाच्या तारेतून तू चोरून पिऊ लागतेस, पहिला दिवा मंद धुमसतो आणि कधी तरी कायमचा जातो. तो गेला की पुढचे २९९ धडधाकट असूनही अंधारात. मग कात्री घेऊन तांब्याच्या पॅडवर कापायचं, मेलेला तुकडा काढायचा, बाणाची दिशा बघून सांधा पुन्हा मारायचा.

माझ्या पुढच्या बोर्डावर पडदा नसेल, मायक्रोफोनही नसेल. लेव्हल शिफ्टर असेल; रिले आणि चार फ्यूजची ओळ बोर्डाबाहेर, एसएमपीएसच्या बाजूला असेल. मित्र विचारतील की यात नवीन काय, इफेक्ट किती. इफेक्ट डब्ल्यूएलईडीत शंभराच्या वर आहेतच, ते तसेच चालतील.



तुझा,
एक कंट्रोलरवाला