खरी डोकेफोड

आमच्या गावाचे नाव डोईफोडिया. पुतणी पीएच.डी.ला लागली तेव्हा घरातल्या थोरल्यांनी थट्टा केली, ‘नाव गावाचे आणि उद्योग हिचा!’ थट्टा ठीकच होती. पण खरी डोकेफोड प्रबंधाची नाही, हे पुढे कळत गेले.

प्रबंध म्हणजे जाडजूड बांधीव ग्रंथ. तो झाला की नावामागे ‘डॉक्टर’ आणि पाठोपाठ प्राध्यापकी, अशी आपली समजूत. वर्गात शिकवणे, चारचौघांत विषय मांडणे, शोधनिबंध लिहिणे, अनुदानासाठी अर्ज करणे हे सारे आपोआप येते म्हणे. ते तसे येत नाही. म्हणून तर विद्यापीठ अनुदान आयोगाने १९८७ पासून ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. पण तेथे जायचे ते नोकरी लागल्यावर. विहिरीत उडी मारून मग पोहणे शिकण्यासारखेच! आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी हा क्रम बदलला. आता संशोधन चालू असतानाच अध्यापनाचे, लेखनाचे शिक्षण घ्यावे लागते. आठवड्याला ४ ते ६ तास शिकवण्या-तपासण्याचे कामही देता येते. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने ठिकठिकाणी संशोधनपद्धतीचे वर्ग भरतात.

कागदावर हे सुरेख आहे. पण त्या वर्गाची जाहिरात खेड्यात पोचेपर्यंत अनेकदा मुदत टळलेली असते. शिवाय आमच्या वाटेत सीमा आडवी येते. १९५६ पूर्वी पूर्व निमाडची राजधानी नागपूर होती, नंतर भोपाळ झाली. घरातली मराठी मात्र तशीच राहिली. बार्टी, सारथी यांच्या संशोधन अधिछात्रवृत्त्या महाराष्ट्राच्या रहिवाशांसाठी. तेव्हा पुतणीची मराठी कितीही अस्सल असली तरी दाखला मध्य प्रदेशचाच. जळगावचे विद्यापीठ इंदूरपेक्षा जवळ, पण पैशाच्या हिशेबात ते दूर.

आणि तरीही मला वाटते, सीमेने तिला काही दिलेही आहे. ती घरी मराठी बोलते, शाळेत हिंदी शिकली, निबंध इंग्रजीत लिहिते आणि मुलाखतींना कोरकू वस्तीत जाते तेव्हा दुभाष्याचा शब्द तोलून घेते. एकाच प्रश्नाला चार भाषांत चार उत्तरे येतात, हे तिला कोणत्याही कार्यशाळेआधी ठाऊक होते. उणीव आहे ती हे ज्ञान शिस्तीने मांडायला शिकवणाऱ्याची.

ती उणीव थोडी तरी भरून काढता येईल. आपल्या भागातले जे प्राध्यापक निवृत्त होऊन घरी बसले आहेत, त्यांनी महिन्यातून एक रविवार अशा मुलामुलींना द्यावा. अर्ज कसा लिहावा, वीस मिनिटांत विषय कसा सांगावा, टीका कशी ऐकावी, एवढे शिकवले तरी पुष्कळ. त्याला ना अनुदान लागते, ना रहिवासी दाखला. पुतणीने पहिल्या रविवारसाठी आमची ओसरी झाडून ठेवायचे कबूल केले आहे.