वडासाठी सरकलेली रेघ

२०२० च्या फेब्रुवारीत साताऱ्याहून बीडजवळच्या पालवणला वृक्षसंमेलनाला गेलो. भरवणारे आमच्याच जिल्ह्यातले सयाजी शिंदे. अध्यक्ष वडाचं झाड. अध्यक्षीय भाषण नसलेलं माझं पहिलंच संमेलन! ऑफिसातले मित्र हसले.

त्याच पावसाळ्यात सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा, ४०० वर्षांचा मानला जाणारा वड रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या आड आला. लोक वडाच्या बाजूने उभे राहिले आणि रस्त्याची आखणी बदलली.

‘आता डिझाइन बदलता येणार नाही’ हे मी कामावर रोज ऐकतो. पण नकाशावरची रेघ माणसानेच ओढलेली असते, ती सरकवता येते. झाड मात्र सरकत नाही. तुमच्या गावचा रस्ता रुंद होणार असेल, तर नकाशा आधीच मागून बघा. कुऱ्हाड आल्यावर उशीर झालेला असतो.