शेकडा किती? आणि कोणत्या शंभरांत?

शेकडेवारीचें गणित सोपें आहे. मिळालेल्या मतांस एकूण मतांनीं भागावें व शंभरांनीं गुणावें, इतकें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु 'एकूण' कोणास म्हणावें, हें ठरविणें तितकें सोपें नाहीं. म्हणून वर्गांत आम्ही एक जुनें उदाहरण फळ्यावर मांडीत असतों.

१९३६ सालीं अमेरिकेंत अध्यक्षाच्या निवडणुकीपूर्वीं 'लिटररी डायजेस्ट' ह्या साप्ताहिकानें सुमारें एक कोटी मतपत्रिका टपालानें धाडून लोकमत अजमाविलें. परत आल्या २३,७६,५२३. त्यांत लँडन ह्यांस १२,९३,६६९ व रूझवेल्ट ह्यांस ९,७२,८९७ मतें पडलीं. उरलेल्या पत्रिका ह्या दोघांपैकीं कोणाच्याच नव्हत्या.

लँडन ह्यांस शेकडा किती मतें मिळालीं? परत आलेल्या सर्व पत्रिका धरल्यास ५४; केवळ ह्या दोघांचीं मतें धरल्यास ५७; आणि धाडलेल्या पत्रिका धरल्यास जेमतेम १३! अंश एकच, छेद मात्र तीन. म्हणून नुसतें '५४' लिहिणाऱ्यास आम्ही पूर्ण गुण देत नाहीं. 'कशापैकीं' हेंही लिहिलें पाहिजे.

प्रत्यक्षांत रूझवेल्ट ह्यांस शेकडा सुमारें ६१ मतें पडलीं व ४८ पैकीं ४६ संस्थानें त्यांनीं जिंकलीं. साप्ताहिकाचा भागाकार चुकला नव्हता. परंतु पत्रिका धाडतांना नांवें घेतलीं तीं मुख्यतः टेलिफोन व मोटारी बाळगणाऱ्यांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळीं गरिबाचें नांव तेथें कोठून असणार? शिवाय ज्यांस पत्रिका गेल्या, त्यांतीलही तीन-चतुर्थांशांहून अधिक लोकांनीं उत्तर दिलें नाहीं.

असें घडण्यास अमेरिकाच लागते असें नाहीं. आमच्या वर्गानें सहलीविषयीं एकदां मतें घेतलीं. ४० मुलांपैकीं २५ जणांनीं हात वर केले. २० अनुकूल, ५ प्रतिकूल. वर्गनायकानें फळ्यावर 'शेकडा ८०' लिहिलें. आम्ही विचारलें, "उरलेल्या पंधरांचें काय?" चौकशीअंतीं कळलें कीं, त्यांतील बहुतेकांस वर्गणी झेपणारी नव्हती, आणि तसें सर्वांदेखत सांगण्याचा त्यांस संकोच वाटत होता. वर्गाच्या पटावर पाहिल्यास अनुकूल मत शेकडा ५०च होतें. मग वर्गणी ठेवलीच नाहीं. भाकऱ्या बांधून सर्वच जण जवळच्या टेकडीवर गेले.

पालकांसही आमची विनंती आहे कीं, निवडणुकीच्या दिवसांत वर्तमानपत्रांत असे आंकडे दिसले म्हणजे मुलांस विचारावें, "हे शंभर कोण?" दृष्टांतांतील मेंढपाळाचीं मेंढरें शंभर होतीं. समोरच्या नव्याण्णवांसच त्यानें 'एकूण' म्हटलें असतें, तर एक हरवलें आहे हें त्यास कधींच कळलें नसतें.