नारायणपेठ, अष्टपुत्री आणि एक पांढरा रुमाल

माझ्या मावसबहिणीचं लग्न ठरलं डब्लिनमध्ये, मुलगाही तिथलाच, आणि लग्न लागणार उमरीत. उमरी म्हणजे नांदेड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, मुदखेडहून निजामाबादला जाणाऱ्या रेल्वेलाइनीवरचं. ऑफिसात हे सांगितलं की लोक विचारतात, "नांदेडच्याही पुढे काही आहे का?" आहे बाबांनो. असो.

बहिणीला आजीची लग्नातली नारायणपेठ नेसायची होती. हल्ली नवरी म्हटली की पैठणी, पण आमच्या घरातल्या जुन्या ट्रंका उघडल्या तर आधी नारायणपेठच निघतात. यात नवल नाही. नारायणपेठ आज तेलंगणात असलं तरी १९५६ पर्यंत ते आणि नांदेड एकाच हैदराबाद राज्यात होते. बारीक चौकडी, लालभडक काठ आणि काठाला देवळाच्या शिखरांसारखे दाते. पदरावर मोर वगैरे थाट नाही, म्हणूनच मला ती जास्त आवडते.

पण साडी उघडली तर घड्यांवर रेशीम पार विरलेलं. खरं तर ती उरली हेच नशीब. जुन्या जरीच्या साड्या बोहारणीला देऊन भांडी घ्यायची आणि मग त्यातली चांदी कुणीतरी जाळून काढायचं, अशा किती साड्या गेल्या असतील! बहीण म्हणाली, काठ कापून नव्या साडीला लावू. झालं! व्हिडिओ कॉलवर मावशी एकदम गप्प. मग म्हणाली, "आईची साडी कापायची? कामून?" आणि कॉल कट. दोन दिवस विषयच बंद.

तेवढ्यात नवऱ्या मुलाच्या आईने पाठवलेलं पार्सल आलं. आत एक पांढरा लिननचा रुमाल, कडेला लेस. आयर्लंडातल्या लेसची गोष्ट वाचण्यासारखी आहे. कॅरिकमॅक्रॉस नावाच्या गावची लेस १८२० च्या दशकातली. पुढे १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं, मोठा दुष्काळ पडला, तेव्हा कित्येक घरांत बायकांनी लेस आणि क्रोशाचं काम करूनच चूल पेटती ठेवली. २०११ साली केट मिडल्टनच्या लग्नाच्या झग्यावरच्या लेसचं डिझाइनही या कॅरिकमॅक्रॉसवरूनच सुचलेलं होतं.

मावशीला या इतिहासाशी काय घेणं? तिने रुमाल बघितला आणि विचारलं, "लग्नात पांढरं?" आमच्याकडे पांढऱ्याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको. आणि तिकडे तरी पांढरा झगा कुठे फार जुना आहे? १८४० मध्ये व्हिक्टोरिया राणीने घातला आणि मग सगळ्यांनाच तो हवासा झाला.

मग बहिणीने रुमालाची रीत सांगितली. नवरी तो लग्नात जवळ ठेवते. पहिलं बाळ झालं की चार टाके घालून त्याचंच टोपडं करतात. ते मूल मोठं होऊन लग्नाला उभं राहिलं की टाके उसवायचे, पुन्हा रुमाल.

मावशी ऐकत राहिली. म्हणाली, "म्हणजे कुंचीच की! तुझी कुंची आईच्या लुगड्याचीच शिवली होती." हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. आजीचं कापड मावशीने स्वतःच एकदा कापलं होतं तर!

दुसऱ्या दिवशी ती स्वतः साडी घेऊन टेलरकडे गेली. काठ नव्या साडीला लागला. रुमाल मात्र तिने पांढरा राहू दिला नाही. मुलाच्या आईला फोनवर विचारून (बहीण दुभाषी) हळदीच्या पाण्यात बुडवला. ती बाई हसत होती, हे मला फोनच्या बाहेरही ऐकू आलं.

लग्न लागताना अर्थात मामाने आणलेली पिवळी अष्टपुत्रीच. तिथे कुणाची तडजोड चालत नाही. नवऱ्याच्या मित्राने नावाचा अर्थ विचारला. मी सांगितलं, आठ मुलगे व्हावेत. त्याने घाबरून नवऱ्याकडे बघितलं :) काठाची नारायणपेठ मग जेवणाच्या पंगतीला नेसली, रुमाल कमरेला खोचून.

बिनकाठाचं उरलेलं कापड मावशीने ट्रंकेत ठेवलंय. कशासाठी ते बोलली नाही. एवढंच म्हणाली, की कुंचीला अर्धा मीटर पुरतं.