समुद्राकडचा सज्जा

बाल्कनी हा शब्द आम्ही सोलापूरकर शिकलो तो घरात नव्हे, सिनेमाच्या थिएटरात. भागवतमध्ये खालचे तिकीट काढायचे ते आपल्यासारख्यांनी. बाल्कनी असायची ती ज्यांच्या खिशात चार पैसे अधिक खुळखुळत त्यांच्यासाठी. घराला जी असे तिला सगळे गॅलरी म्हणत आणि माझी आजी तिलाच सज्जा म्हणे. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी, आमच्या लग्नाला चाळीस वर्षे होणार म्हणून चिरंजीवांनी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या जहाजाची तिकिटे काढायला घेतली आणि "बाबा, बाल्कनीची काढू ना?" असे विचारले, तेव्हा जहाजावर रोज सिनेमा दाखवत असावेत अशीच माझी प्रामाणिक समजूत झाली.

मग त्याने समजावून दिले. जहाजावरच्या खोल्या साधारणपणे तीन जातींच्या. एक आतली, हिला खिडकीच नसते. दुसरी खिडकीची, पण ती खिडकी उघडत नाही. आणि तिसरी सज्ज्याची. काचेचे दार सरकवले की दोन खुर्च्या मावतील एवढी मोकळी जागा, कठडा आणि त्यापलीकडे समुद्र. अर्थात दरही त्याच क्रमाने चढते. माझे मत आतल्या खोलीकडे झुकत होते. झोपायला खिडकी कशाला लागते? पण ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "एकदा तरी दार उघडल्यावर समोर भिंत नको."

या वाक्याचा अर्थ कळायला आमचे घर पाहिले पाहिजे. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमची टॉवेलाची शेड आहे. खाली बारा माग आणि वर दोन खोल्या. सुरुवातीला कारखान्यावर लक्ष राहावे म्हणून वर राहायला आलो आणि राहूनच गेलो. वरच्या स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या सायझिंगच्या भिंतीवर उघडते. मध्ये अंतर दोन हातांचे. या खिडकीशी उभे राहून हिने चाळीस वर्षे भाकऱ्या थापल्या. सायझिंगवाले मधूनमधून भिंतीला रंग देतात. देखाव्यात पालट काय तो तेवढाच.

सज्ज्याची खोली ठरली.

सोलापूरच्या माणसाचा आणि समुद्राचा संबंध काय, असे आमच्या गल्लीत पुष्कळांनी विचारले. पिण्याचे पाणी चार-चार, पाच-पाच दिवसांनी येण्याची सवय असलेल्या गावाला एवढ्या पाण्याचे काय होय! पण संबंध आहे आणि तो चांगला दांडगा आहे. वालचंद हिराचंद यांचा जन्म 1882 साली सोलापूरचा. जिथून समुद्र दिसणेच काय, त्याचा वारासुद्धा येत नाही, त्या गावच्या या माणसाने भागीदारांना बरोबर घेऊन सिंधिया कंपनी काढली. तिची 'लॉयल्टी' ही बोट 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून लंडनला निघाली आणि इंग्रजांच्या मक्तेदारीला हिंदी मालकीच्या कंपनीने आव्हान दिले. त्या तारखेला आज आपण राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. गंमत पुढेच आहे. 'लॉयल्टी'चे मूळ नाव 'एम्प्रेस ऑफ इंडिया'. ती आधी एका कॅनेडियन कंपनीकडे होती, मग ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली, युद्धात तिचे इस्पितळ झाले आणि तिथून ती वालचंदांच्या कंपनीकडे आली. कंपनीला सिंधिया हे नाव पडले ते या शिंद्यांवरूनच. आणि आमचे जे जहाज होते, 1990 साली फ्रान्समध्ये बांधलेले, 2021 पासून मुंबईहून फिरू लागलेले, त्याचेही नाव 'एम्प्रेस'च! हे मी हिला सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्री मोठ्या उत्साहाने सांगितले. ती म्हणाली, "बरं झालं. म्हणजे ओळखीचंच आहे."

बाहेरचे खाद्यपदार्थ जहाजावर चालत नाहीत असे कळल्यामुळे कडक भाकरी आणि शेंगाचटणी आम्ही मुंबईला बंदरावरच्या बाकावर बसून संपवली. शेजारचे कुटुंब आमच्याकडे आधी कीव आल्यासारखे आणि मग चटणीचा वास गेल्यावर निराळ्याच नजरेने पाहू लागले. त्यांनाही दिली.

खोलीत शिरलो तो पलंगावर एक पांढरा हत्ती बसलेला. टॉवेलाच्या घड्या घालून केलेला! ही हरखून गेली आणि मी, सवयीप्रमाणे, हत्तीचा कान उलटून काठ पाहू लागलो. टर्किश टॉवेल विणताना ताणे दोन लागतात, एक ताठ आणि एक ढिला. तीन धागे आडवे गेले की फणी पुढे येऊन ठोकते आणि ढिल्या ताण्याचे वेढे वर उठतात. तीच टॉवेलाची लव. हे सर्व टॉवेलांचे सारखेच. पण आमच्या धोट्याच्या मागावर आडवा धागा काठाशी वळून परत येतो, म्हणून काठ बंद असतो. बिनधोट्याच्या नव्या मागावर तो काठाशी कापला जातो. हत्तीच्या कानाचा काठ कापलेला होता. सोलापुरी टॉवेलाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, चादरीलाही आहे. तरी बाजारात विचारतात ते भाव आणि मीटर. चिरंजीवांचे वर्षभर चाललेले टुमणे हेच होते, की हे धोट्याचे माग भंगारात घालू आणि नवे आणू, नाहीतर शेड गोदामाला भाड्याने देऊ. मी उत्तर दिले नव्हते. गोव्याहून आल्यावर बघू, असे म्हणून आलो होतो. ही त्या विषयावर एक अक्षर बोलली नव्हती.

आता सज्ज्याबद्दल. आतल्या खोलीच्या आणि या खोलीच्या भाड्यात जो फरक होता त्याला मी तासांनी भागले. मुक्काम तीन रात्रींचा. त्यातून झोपेचे तास वजा, जेवणाचे वजा. जो आकडा आला तो हिला सांगितला नाही. पण एवढे ठरवले, की या सज्ज्यातला तास वाया म्हणून जाऊ द्यायचा नाही. अशा हिशेबी माणसाला पहिल्याच दिवशी काही गोष्टी कळतात, त्या जाणाऱ्यांच्या उपयोगी पडाव्यात. काचेचे दार उघडे ठेवून खोलीत बसू नये. थंड हवा सगळी बाहेर जाते. हे दार उघडे असताना कुणी बोळाकडचे दार उघडले, तर वाऱ्याने ते असे आपटते की शेजारचा उठून बसावा. कठड्यावर काही वाळत घालू नये. हिने पहिल्याच संध्याकाळी साडी झटकून कठड्यावर पसरली, तो खोली आवरणाऱ्या मुलाने अदबीने हात जोडले; उडून जाते, आजी, आणि नियमही नाही. आणि खोली कोणत्या हाताची ते आधी विचारून घ्यावे, हे सर्वांत महत्त्वाचे. मुंबईहून गोवा दक्षिणेला. जाताना उजवा हात पश्चिमेला, म्हणजे सूर्यास्त तिकडे. डाव्या हाताला किनारा आणि सकाळचा सूर्य. परतताना सगळे उलट. आमची खोली उजव्या हाताची होती. निघताना गेटवे, ताजमहाल हॉटेल, कुलाबा अशी सगळी मुंबई समोरून मागे सरकत गेली आणि मग सूर्य बुडायला पाण्याखेरीज काही उरले नाही. पूर्वी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट पकडणारे लोक डेकवर वळकटी पसरत आणि हा सगळा देखावा त्यांना साध्या तिकिटात मिळे. आम्ही दोन खुर्च्यांपुरता विकत घेतला.

गोव्याला, मुरगाव बंदरात, बहुतेक सगळे उतारू किनारे बघायला गेले. आम्ही गेलो नाही. सज्जा खरा उपभोगावा तो अशा वेळी. वरच्या मजल्यावरची गाणी बंद, शेजारचे सज्जे रिकामे. खाली दोरखंड बांधणारी माणसे, त्या दोरांवरून उंदीर जहाजात चढू नयेत म्हणून बसवलेल्या पत्र्याच्या गोल थाळ्या, पलीकडे कोळशाचे ढीग आणि यारी. दुसऱ्याचे काम चाललेले पाहत आपण बसून राहणे यासारखे सुख नाही, विशेषतः ज्याने जन्मभर दुसऱ्यांना आपले काम करताना पाहिले आहे त्याला.

पण मला सांगायचे आहे ते खुर्च्यांबद्दल. सज्ज्यातल्या दोन्ही खुर्च्या समुद्राकडे तोंड करून शेजारी शेजारी मांडलेल्या असतात. सगळ्या जगाला तसेच हवे असणार. मला मात्र ते चालेना. धोट्याच्या मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या आसपास असतो. आठ तासांच्या पाळीला कायद्याने घातलेली मर्यादा नव्वदची. अशा आवाजात वर्षे काढलेल्या माणसाच्या कानातून आधी जातात ते उंच स्वर. ढोल ऐकू येतो, चिमणी येत नाही. पुरुषाचे खर्जातले बोलणे कळते, बायकोचे हळू बोलणे कळत नाही. त्यावर मागावरच्या माणसांनी जगभर एकच तोड काढली आहे, ती म्हणजे ओठ वाचण्याची. मी हिचे ओठ वाचतो. तीही माझे वाचते, कारण चालू मागांच्या जिन्यावरून मला जेवायला बोलवायचे तर दुसरा उपाय नव्हता. फोनवर ओठ दिसत नाहीत, म्हणून फोनवर मी फक्त बोलतो. ऐकण्याचे काम तिचे. आणि इथे शेजारी बसून, समुद्राकडे बघत, वाऱ्यात ती काहीतरी बोलत होती आणि मला फक्त वारा ऐकू येत होता.

मी खुर्ची उचलली आणि समुद्राकडे पाठ करून तिच्यासमोर मांडली.

"अहो, एवढे पैसे भरले ते काय माझं तोंड बघायला?"

"तू समुद्र बघ," मी म्हटले. "काय दिसतंय ते मला सांग."

आणि तिने सांगायला सुरुवात केली. गोव्याहून निघालो ती संध्याकाळ आणि पुढची रात्र. परतीच्या वाटेवर उजव्या हाताला किनारा होता, पण दूर. दिसत होते ते मासेमारी होड्यांचे दिवे. मग एक दीपगृह. ती बोटे मोडून मोजू लागली, किती वेळाने लुकलुकते ते. प्रत्येक दीपगृहाची लय ठरलेली आणि निराळी असते, त्यावरून खलाशी त्याला ओळखतो, हे मला ठाऊक होते. पण ती मोजत होती ते तसे नव्हे. मागाचा ठोका चुकला की वरच्या खोलीत झोपेतही तिला कळते, त्या कानाने ती उजेड मोजत होती. मोजता मोजता थांबली आणि तिने तोंड माझ्याकडे वळवले, म्हणजे मला नीट वाचता यावे.

"माग विकायचे का नाही, ते तुम्ही मला विचारलंच नाही."

"तू काही बोलली नाहीस."

"बोलले. पुष्कळदा बोलले. खाली माग चालू होते."

यावर मी काय म्हणणार! होड्यांचे दिवे माझ्या पाठीमागे होते आणि तिच्या चष्म्याच्या काचेत मला ते बारीक बारीक दिसत होते. मग तिने एकेक सांगितले. मागांवर तिचा राग नाही, त्यांच्यावर मुले शिकली. नवे माग येतील तेही येवोत. पण रात्रपाळी नको. आणि काही वर्षे तरी, उरली असतील तेवढी, तिला मोठ्याने बोलायचे नाही. "ओरडून ओरडून," ती म्हणाली, "मी भांडखोर आहे असं सुनेला वाटतं. मी भांडखोर नाहीये हो." हे वाक्य मला वाचायला त्रास झाला, तिचे ओठ थोडे हलत होते आणि उजेड खोलीतल्या दिव्याचा, तेवढाच होता.

चहा मागवला. तो आल्यावर खुर्ची मी पुन्हा सरळ केली, कारण तिचे बोलून झाले होते आणि आता गप्प बसायचे तर शेजारी बसणे सोयीचे.

सकाळी मुंबईत शिरताना सूर्य आमच्या हाताला घारापुरीच्या बाजूने वर आला. उजव्या हाताची खोली घेणाऱ्याला निघताना सूर्यास्त आणि येताना सूर्योदय, दोन्ही मिळतात. त्या हिशेबात तरी भाड्याचा फरक वसूल झाला. किनारा जवळ आल्याबरोबर फोनला रेंज आली आणि तीन दिवसांचे निरोप एकदम खणखणू लागले. ही आत कपडे भरत होती. हत्ती तिने मोडू दिला नव्हता. तो पलंगाच्या कडेला बसून सामान बघत होता. मी काचेचे दार लावून घेतले आणि चिरंजीवांना फोन लावला. त्याचे ऐकू येणार नव्हतेच, तेव्हा मी आपले बोलत सुटलो. म्हटले, भंगारवाल्याला बोलाव. धोटे मात्र देऊ नकोस, ते मला हवेत. नव्या मागांचे दर मागव, पण आधी मला दुसरीकडे दोन खोल्या भाड्याने बघ, खिडकीसमोर भिंत नसलेल्या. आणि बारापैकी चार माग राहू देत.

काचेवर टकटक झाली असावी. मला ऐकू आली नाही, पण आत हालचाल दिसली म्हणून वळलो. ही साडीची घडी हातात धरून काचेशी उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिने दोन बोटे वर केली.

"दोन," मी फोनवर म्हटले. "दोनच राहू देत."