शिंगावरची लव

पावसाळ्यात बारासिंग्याची नवी शिंगं मखमलीने मढलेली असतात. लांबून ती नुसती जाड आणि बोथट दिसतात. पण सकाळच्या तिरप्या उन्हात लांब पल्ल्याची लेन्स लावून पाहावं. शिंगाच्या कडेने सोनेरी लवेची रेघ उजळते, आणि हे कोरडं हाड नाही, ही वाढती, रक्ताने भरलेली कातडी आहे, हे डोळ्यांना कळतं.

भोपाळच्या महाराणा प्रताप नगरात, क्लासेसच्या फलकांच्या आणि हॉर्नच्या गर्दीत राहणाऱ्याला हे दर्शन काही किलोमीटरवर मिळतं. भोजतालाच्या काठावरचं वनविहार 1983 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. इथले बरेचसे प्राणी मोठ्या कुंपणांत राहतात. लेन्स जाळीजवळ नेली, अॅपर्चर पूर्ण उघडलं आणि प्राणी जाळीपासून दूर असला, की तारा विरून जातात. उरतो तो फक्त पोत.

पोत दाखवते ती सावली. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं आणि कातडी सपाट करून टाकतं; कडेने येणारं ऊन प्रत्येक खवल्यामागे सावलीची एक चिमूट ठेवतं. काठावर पहुडलेल्या मगरीच्या जबड्यावर तेव्हा मोहरीएवढे गडद ठिपके दिसतात. ती तिची स्पर्शेंद्रियं आहेत. पाण्याची बारीकशी थरथर त्यांना कळते. ज्या कातडीला आपण चिलखत समजत आलो, ती इतकी हळवी आहे! मी तो फोटो पाहतो तेव्हा मान आपोआप लवते.

पूर्ण प्राण्याच्या फोटोत जात ओळखू येते. इतक्या जवळून मात्र एकच एक जीव भेटतो, त्याच्या फाटक्या कानासकट, बुजलेल्या जखमेसकट. मध्य भारतातल्या बारासिंग्याच्या बाबतीत हे मला फार मोलाचं वाटतं. 1970 च्या सुमारास कान्ह्यात ते अवघे 66 उरले होते. तिथूनच 2015 साली काही वनविहारात आले. एवढ्याशा कळपातून सावरलेल्या वंशातला एकेक जीव निरखून पाहावा, त्याची ओळख ठेवावी, हे आपलं देणंच आहे.

शिंगांचे फोटो सगळेच काढतात. मला आता बारासिंग्याचे खूर हवे आहेत. दलदलीत राहणाऱ्या त्याच्या भाईबंदांचे खूर पसरट असतात, याचे मात्र टणक आणि आवळलेले, कान्ह्याच्या कठीण मैदानांवर घडलेले. सध्या ते उंच गवतात बुडाले आहेत. गवत वाळेपर्यंत थांबायचं, आणि मग जमिनीलगत पालथं पडून फोकस करायचा.