पोटमाळ्यावरील तारा

साकीनाक्याच्या ज्या चाळींत आम्हीं राहतों तेथें खालीं एक खोली व तीवर पोटमाळा, एवढाच प्रत्येकाचा वाडा. आमचा पोटमाळा पूर्वीं ट्रंका, गोधड्या आणि जुनीं पुस्तकें यांच्या ताब्यांत होता. दोन वर्षांपूर्वीं मुलांनीं तो खेळाची खोली म्हणून मागून घेतला. प्रथम कॅरम आला. मागून टी.व्ही., व्हिडिओ खेळाचें यंत्र, दोन स्पीकर व टेबलपंखा आला, आणि या सर्वांच्या तारा एकाच लांब एक्स्टेन्शन बोर्डांतून द्राक्षवेलीप्रमाणें चोहोंकडे पसरल्या.

शिक्षकाच्या संवयीस अनुसरून मीं प्रथम हिशेब केला. भिंतींतील लहान प्लग ६ अँपिअरचा. त्यास २३० व्होल्टनें गुणिलें असतां १३८० वॅट होतात. आमच्या यंत्रांची बेरीज पांचशेंच्या आंत आली. (इस्त्री मात्र वर नेऊं नये, असा हुकूम काढला.) उरलेली तार गोधडीखालीं वेटोळें करून दडविलेली होती, तींतील ऊब बाहेर पडावी म्हणून ती मोकळी करून खिळ्यांवर टांगली. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीं घराघरांत शिरलेलें पाणी ज्यानें पाहिलें आहे, तो तार जमिनीवर ठेवावयास धजत नाहीं. पाणी वरूनही येतें, हें मात्र मला सुचलें नाहीं.

मुलें खेळ संपला कीं रिमोट दाबून खालीं उतरत. त्यानें यंत्र केवळ झोपीं जातें. वीज थोडी वाहतच राहते. म्हणून मीं वायफायवर चालणारा एक प्लग आणिला. फोनवर बोट ठेवावें, कीं वरचें सारें बंद! टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथें तारेवांचून नाव चालवून दाखविली, ही गोष्ट मी वर्गांत सांगत असें. आतां तें सामर्थ्य माझ्या खिशांत होतें, आणि त्याचा मला थोडा गर्वही झाला, हें कबूल केलें पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत एके दुपारीं मी शाळेंत असतां मुलाचा फोन आला. "बाबा, पत्रा गळतोय. बोर्डावर पाणी पडलंय."

मीं फोनवरूनच प्लग बंद केला आणि म्हणालों, "बंद केलंय. पुसून घे."

त्यानें ओलें फडकें लाविलें मात्र, विजेनें त्याचा हात झिडकारला. तो मागें गोधड्यांवर पडला म्हणून वांचला. मी घरीं पोंचलों तेव्हां तो खालीं बसला होता. बोटें लाल झालीं होतीं. पत्नी एवढेंच म्हणाली, "अहो, न बघता कसं सांगितलंत?" मजजवळ उत्तर नव्हतें.

सायंकाळीं वायरमन आला. त्यानें भिंतींतील प्लगांत टेस्टर घातला आणि म्हणाला, "मास्तर, फेज डावीकडे आहे. उजवीकडे पाहिजे. तुमचा फोनवाला प्लग न्यूट्रल तोडतो. टीव्ही बंद, पण करंट बोर्डापर्यंत येतोच."

माझा प्लग दोहोंपैकीं एकच तार तोडीत असे, आणि ती उलट जोडणीमुळें भलतीच ठरली. वीज परत जावयाची वाट बंद झाल्यानें यंत्रें निमालीं. येण्याची वाट उघडीच राहिली. चूक जोडणाऱ्याची खरी, परंतु हा धडा मी दरवर्षीं फळ्यावर आकृति काढून शिकवितों, आणि घरचा प्लग एकदांही तपासला नव्हता.

दुसऱ्याच दिवशीं तारा नीट जोडून घेतल्या व आर.सी.सी.बी. बसविली. एम.सी.बी. भार फाजील झाला तरच पडते. मनुष्यास घातक होणारा अल्प प्रवाह तिच्या गांवींही नसतो. आर.सी.सी.बी. गेलेली व परतलेली वीज ताडून पाहते, आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडण्याच्या आंतच वाट तोडते. पत्र्यावर डांबर घातलें. बोर्ड गळतीपासून दूर, भिंतीवर उंच नेला.

मुलें पुन्हां खेळूं लागलीं आहेत. परंतु मीं फोनवरून "बंद केलें" असें सांगितलें, तरी माझा मुलगा आधीं भिंतींतील पिन उपटतो, टेस्टर लावितो, आणि मगच फडकें हातीं घेतो. मला वाईट वाटतें. पण त्यास तसें न करण्यास सांगण्याचा धीर होत नाहीं.